पहिले सतरा दिवस

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात, महाराष्ट्र दिनी, सोसायटीच्या आवारात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना घाईत राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)

मागं पाण्याच्या टाकीवर पोरं चढून बसली आहेत. पोरांनो, आधी खाली उतरा, मग मी सुरू करते.

पंधरा दिवसांपूर्वी सचिव काकांचा फोन आला. म्हणाले, "बेटा, तू वर्षभर ऑस्ट्रेलियात राहून आली. कार्यक्रमात दहा मिनिटं बोल, पोरांना प्रेरणा मिळते." मी म्हटलं, काका, मी तिथं बराच काळ एका हॉटेलात भांडी घासली. ते म्हणाले, "ते राहू दे, बाकीचं सांग." आता भांडी वगळली तर दहा मिनिटं भरणं कठीण आहे. म्हणून मी ठरवलं की वर्षभराचं सांगायचंच नाही. कांगारू आणि समुद्र तुम्ही मोबाईलवर पाहिलेले आहेत. ऑपेरा हाऊस तर मी राहत होते त्या शहरात नाहीच, ते सिडनीला आहे. मी मेलबर्नला होते. मी फक्त पहिले सतरा दिवस सांगणार आहे, २७ मार्च ते १२ एप्रिल २०२५. या सतरा दिवसांबद्दल घरी जे जे सांगितलं त्यातलं निम्मं खोटं होतं. त्यामुळे आई-बाबांनाही यातलं काही आज पहिल्यांदाच कळेल. बाबा, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला आहात ते बरं आहे.

मी मोहर्लीला एका रिसॉर्टच्या रिसेप्शनवर पाच वर्षं होते, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. तिथं परदेशी पाहुणे ग्रुपनं यायचे, सोबत गाईड, मोठी गाडी. पण वर्षाकाठी दोन-चार बाया अशा यायच्या की पाठीवर भली मोठी सॅक आणि सोबत कोणी नाही. चंद्रपूरच्या बसस्टँडवरून एसटीत बसून आलेल्या. आमचा स्वयंपाकी दर वेळी हळूच विचारायचा, "म्याडम, हिच्या घरचे कुठं हायेत?" मी हसायचे, पण मलाही तेच विचारायचं असायचं. त्यांच्या बोलण्यातून कळलं की ऑस्ट्रेलियात अशा फिरणाऱ्या तरुणांना वर्षभर राहायची आणि मधेमधे काम करून खर्च काढायची परवानगी मिळते. फक्त भारतीयांना ती नव्हती.

२०२४ मध्ये ती सुरू झाली. दोन देशांमधला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला होता, त्यातूनच हे निघालं. नाव 'वर्क अँड हॉलिडे' व्हिसा. वर्षाला एक हजार भारतीय. वय १८ ते ३०, बारावीनंतर निदान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी, आणि खात्यात साधारण पाच हजार डॉलर. एका मालकाकडे सहा महिन्यांच्या वर काम करायचं नाही. पंचवीस डॉलर भरून नाव टाकायचं आणि मग सोडत, आपल्या म्हाडासारखी. पहिल्याच खेपेला चाळीस हजारांवर लोकांनी नावं टाकल्याची बातमी पेपरात होती. मी तेव्हा तीस वर्षांची होते, म्हणजे माझी ही पहिली आणि शेवटची सोडत. नाव लागलं.

घरी काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण भिंती पातळ आहेत, वरच्या मजल्यावर ऐकू गेलंच होतं. बाबा तीस वर्षं वेकोलित, पद्मापूरच्या खाणीत. ते फक्त "एकटी?" एवढंच म्हणाले आणि तीन दिवस बोलले नाहीत. माझी आजी कुरखेड्याला असते. तिनं विचारलं, "तिथं कोन हाय वं तुह्यं?" मी म्हटलं, कोणीच नाही. "मंग जाऊन राहिली कायले?" याचं धड उत्तर मला तेव्हा देता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही येत नाही. पाहून यायचं होतं, एवढंच. पण तुम्ही सगळ्यांनी नंतर जे केलं ते विसरणार नाही. ए-विंगच्या काकूंनी त्यांच्या मुलाचं दिल्लीचं जॅकेट दिलं. जोशात कोणीतरी कुलूप दिलं, ते हॉस्टेलात फार कामी आलं. आणि लग्नाबद्दल ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांचेही आभार, त्यांच्यामुळे निघायची घाई झाली.

नागपूरहून दिल्ली, दिल्लीहून थेट मेलबर्न, बारा तासांच्या वर. उतरल्यावर पहिलीच परीक्षा खाण्याच्या सामानाची. तो देश शेती आणि जंगल जपायला इतका काटेकोर आहे की बाहेरचं बी, पान, लाकूड, दुधाचा पदार्थ, काहीही असेल तर आधी लिहून द्यावं लागतं. लपवलं आणि सापडलं तर मोठा दंड. मी सगळं लिहून दिलं होतं. तिथली अधिकारी बाई माझ्याच वयाची. तिनं जवसाची चटणी, तिखट, पापड पाहून परत दिले. मग वर्तमानपत्राची एक पुडी उघडली. त्यात वाळलेला कडुलिंबाचा पाला आणि मोहफुलं. हे मला माहीतच नव्हतं! तीन दिवसांवर पाडवा होता म्हणून आईनं पाला घातला होता, आणि आजीनं मोहफुलं. बाईनं विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, आई. तिला कळलं असावं, कारण ती हसली, पण पुडी पिवळ्या डब्यात गेली. तिचं बरोबरच होतं.

मेलबर्नच्या विमानतळाला रेल्वे नाही, बसनं सदर्न क्रॉस नावाच्या स्टेशनावर उतरायचं. तिथून पाठीवर चौदा किलो घेऊन हॉस्टेल. एका खोलीत आठ जणी, लोखंडी बंक, रात्रीचे बेचाळीस डॉलर. त्या वेळी एक डॉलर म्हणजे चौपन्न रुपयांच्या आसपास. मी अंथरुणात पडल्या पडल्या गुणाकार केला आणि झोप उडाली. इकडे चंद्रपुरात उन्हानं डांबर वितळत होतं, आणि तिकडे पहाटे मी ते दिल्लीचं जॅकेट घालून, वर चादर घेऊन कुडकुडत होते. बाकीच्या सात जणी गंजीफ्रॉकवर.

शहराच्या मधल्या भागात ट्रामला तिकीट लागत नाही, २०१५ पासून तशी सोय आहे. त्या हद्दीबाहेर गेलात की मायकी नावाचं कार्ड, सहा डॉलरचं, आणि दोन तासांच्या प्रवासाला तेव्हा साडेपाच डॉलर. म्हणजे तीनशे रुपये! तीनशे रुपयांत मी चंद्रपूरहून नागपूर गाठते. म्हणून पहिले चार दिवस मी त्या फुकटच्या हद्दीबाहेर पाय ठेवला नाही. सुदैवानं दोन चांगल्या गोष्टी हद्दीतच आहेत. क्वीन व्हिक्टोरिया मार्केट, म्हणजे १८७८ चा त्यांचा गोल बाजार म्हणा, सोमवारी आणि बुधवारी बंद. बंद व्हायच्या तासभर आधी गेलं की केळी, टमाटर पिशवीच्या भावानं. आणि दुसरी राज्याची सार्वजनिक लायब्ररी. १९१३ मध्ये बांधलेला घुमट, आठ बाजूंनी पुस्तकं, खाली हिरव्या दिव्यांची टेबलं. आत यायला पैसे नाहीत, ओळखपत्र नाही, कोणी "कोणाकडे आला?" विचारत नाही. मी रोज सकाळी तिथं जायचे. लायब्ररीत वाचायला गेले असं तुम्हाला वाटू नये. वायफाय आणि ऊब होती.

चौथ्या दिवशी, ३० मार्चला, पाडवा. पाला तर जप्त झाला होता. जवळच्या बागेत नीलगिरीची एक वाळकी डहाळी पडलेली मिळाली. हॉस्टेलच्या पुसण्याची काठी, आईची ओढणी, आणि मी सोबत नेलेला स्टीलचा पेला. बंकच्या पायाला गुढी बांधली. खोलीतल्या मुली गोळा झाल्या. खालच्या बंकवर स्कॉटलंडची एक मुलगी होती, भूगर्भशास्त्र शिकलेली. ती रोज मला विचारायची, तू इंडियात कुठली? मी चंद्रपूर सांगायचे, तिच्या चेहऱ्यावर काही उमटायचं नाही. त्या दिवशी मी सहज म्हटलं, आमच्या भागाला गोंडवन म्हणतात, गोंड राजांचं राज्य, शेजारच्या गडचिरोलीत गोंडवाना नावाचं विद्यापीठसुद्धा आहे. ती ताडकन उठून बसली. म्हणाली, "गोंडवाना? म्हणजे खरोखरची जागा आहे ती?"

तिनंच मग समजावलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका एकमेकांना चिकटलेले होते, त्या खंडाला जगभर गोंडवानालँड म्हणतात. एडुआर्ट झ्युस या शास्त्रज्ञानं १८८५ मध्ये ते नाव चालवलं, पण मुळात भारतातल्या दगडांच्या थरांना इंग्रज भूशास्त्रज्ञांनी आपल्या गोंडवनावरून नाव दिलं होतं. पुरावा काय, तर दगडी कोळशात सापडणारं एका झाडाचं पान, ग्लोसॉप्टेरिस. ते इकडच्या कोळशातही आहे आणि तिकडच्याही. आमच्या शोकेसमध्ये टीव्हीशेजारी एक काळा दगड आहे, ज्यावर पानाचा ठसा आहे, बाबांनी खाणीतून आणलेला. आई दर दिवाळीला तो टाकायला काढते. आई, आता टाकू नको.

त्या रात्री मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, आपली काही अगदीच परकी जमीन नाही ही. दुसऱ्या दिवसापासून खोली शोधायला लागले आणि ते बरं वाटणं संपलं.

इथं जरा सविस्तर सांगते. हॉस्टेलात राहून माझे पैसे महिना-दीड महिन्यात संपले असते, तेव्हा नोकरी हवी. तिथं ताशी किमान पगार तेव्हा २४ डॉलर १० सेंट होता, म्हणजे काम मिळालं की प्रश्न सुटतो. पण नोकरीला टॅक्स फाईल नंबर लागतो, आपल्या पॅनसारखा. तो ऑनलाईन फुकट मागता येतो, पण येतो पोस्टानं, आणि अठ्ठावीस दिवसही लागू शकतात. नंबर दिला नाही तर पगारातून जबर कर कापतात. पोस्टाला पत्ता हवा. पत्त्यासाठी खोली हवी. खोली देणारे विचारतात, नोकरी आहे का? आपल्याकडे तहसीलमध्ये या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात ना, तसंच. फक्त इथं सगळे "नो वरीज" म्हणून पाठवतात.

भाडं आठवड्याचं असतं. एका घरात चार-पाच अनोळखी माणसं आपापल्या खोल्या घेऊन राहतात, स्वयंपाकघर सगळ्यांचं. नवीन माणूस घ्यायचा तर जुने राहणारे मुलाखत घेतात, चहा देऊन. मी नऊ घरं पाहिली. एका ठिकाणी जोडपं हवं होतं. एका ठिकाणी तिथल्या पगाराच्या तीन पावत्या हव्या होत्या. एकानं आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र मागितलं. मी जन्मात कधी भाड्यानं राहिले नव्हते, म्हटलं, बाबांचा नंबर देऊ का? त्यांना तो विनोद वाटला. दोन घरांत छान गप्पा झाल्या, "कळवतो" म्हणाले, ते अजून कळवत आहेत. आणि एक घर आपल्याच माणसांचं होतं, मराठीच. मी फोनवर मराठी ऐकून इतकी खूश झाले. पहिला प्रश्न आला, "फॅमिली आहे की एकटी?" मी म्हटलं, एकटी. "मग सॉरी हं, आम्हाला फॅमिलीच हवी आहे." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ फोनकडे पाहत राहिले. वाईट वाटलं म्हणून नाही फक्त. ते वाक्य मी आधी कुठंतरी ऐकलं होतं. ते कुठं, त्यावर येतेच.

आता बाबा, हे तुमच्यासाठी. ५ एप्रिलच्या शनिवारी मी तीनशे डॉलर घालवले. म्हणजे सोळा हजार रुपये. जाहिरातीत खोलीचे फोटो सुरेख, भाडं कमी, मालक म्हणे गावाला गेलेला, "खूप लोक मागताहेत, अनामत भरून ठेवा, शनिवारी किल्ली मिळेल." मोहर्लीला मी पाहुण्यांना सांगायचे की ऑनलाईन पैसे भरताना सावध राहा! आणि स्वतः भरले. शनिवारी सामान घेऊन १९ नंबरच्या ट्रामनं ब्रन्सविकला त्या पत्त्यावर गेले. दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. त्यांनी माझी सॅक पाहिली आणि मी बोलायच्या आधीच म्हणाले, "या आठवड्यातली तू तिसरी." त्यांनी पाणी दिलं. फसवणारा कोण होता, आजही माहीत नाही.

मी परत चालत आले. साडेपाच डॉलर वाचवायचे म्हणून असं मी स्वतःला सांगितलं, पण ट्राममध्ये लोकांसमोर रडायचं नव्हतं. सिडनी रोडनं सरळ, मग रॉयल परेड, दोन्ही बाजूंना मोठमोठी एल्मची झाडं, पानं पिवळी पडायला लागलेली. पाठीवर चौदा किलो. अर्ध्या वाटेत आईचा फोन. "काय करून राहिली?" मी म्हटलं, बागेत फिरून राहिली. "धापा कायले टाकते?" म्हटलं, चढ आहे. मेलबर्नचा तो रस्ता सपाट आहे.

त्या रात्री मी परतीच्या तिकिटाचे भाव पाहिले. आणि गंमत बघा, त्याच रात्री तिकडची घड्याळं मागं होतात. एप्रिलच्या पहिल्या रविवारी पहाटे तीन वाजले की पुन्हा दोन करतात. मी जागीच होते, मोबाईलवर २:५९ नंतर २:०० पाहिले. ज्या रात्री लवकर उजाडावं असं वाटत होतं, त्याच रात्री सरकारनं एक तास वाढवून दिला. दुसऱ्या दिवशी रामनवमी. आईनं नेहमीच्या वेळेला फोन केला आणि मी म्हटलं, आज तासभर लवकर केला का? तिला मी तीनदा समजावलं की कालपर्यंत साडेपाच तासांचा फरक होता, आता साडेचार. ती म्हणाली, "घड्याळ मागं करता येते त तिकीट पण मागं करून ये." तिला काही माहीत नव्हतं, बरं का. आयांना असंच सुचतं.

मी गेले नाही, याचं श्रेय माझ्या धैर्याला देऊ नका. तिकीट महाग होतं.

मंगळवारी कपडे धुवायला कोबर्गच्या एका लॉन्ड्रीत गेले होते. ज्या हॉटेलात भांड्यांच्या कामासाठी विचारायला गेले होते त्याच्या शेजारीच ती होती. तिथल्या फळ्यावर हातानं लिहिलेली चिठ्ठी होती. खोली आहे. स्वच्छ माणूस पाहिजे. संध्याकाळी सहानंतर फोन. फोटो नाही, ईमेल नाही. फसवणारा इतकं वाईट अक्षर काढणार नाही असं वाटलं, म्हणून फोन केला.

त्र्याऐंशी वर्षांची ग्रीक आजी. एकटी. मागं लिंबू, अंजीर आणि ऑलिव्हची दोन झाडं. तिनं मला तीन प्रश्न विचारले. शिडीवर चढता येतं का? मसुराचं वरण खातेस का? रात्री दिवे बंद करशील का? तिन्हींना हो म्हटलं. मग मीच विचारलं, शिफारसपत्र नको? अनामत? तिनं हात झटकला. म्हणाली, "मी १९६२ मध्ये आले, बोटीनं. वीस वर्षांची. लग्न ज्याच्याशी ठरलं त्याचा फक्त फोटो माझ्याकडे. पोर्ट मेलबर्नच्या धक्क्यावर उतरले आणि तो गर्दीत सापडेना. दीड तास. माझ्याजवळ कुठलं शिफारसपत्र होतं?" त्या काळी ग्रीसमधून अशा कित्येक मुली फोटोवर लग्न ठरवून स्टेशन पिअरच्या धक्क्यावर उतरल्या, हे मी नंतर वाचलं. तिचा तो माणूस पुढं बेचाळीस वर्षं सोबत राहिला. पण सांगायला बसली की ती नेहमी त्या दीड तासाचंच सांगायची.

आम्ही बोलत असतानाच तिच्या मुलाचा फोन आला. भाषा कळत नव्हती, पण तो काय म्हणत होता ते मला शब्दन् शब्द कळलं. अनोळखी मुलगी, एकटी, कुठून आली, कोण आहे. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मला म्हणाली, "शनिवारी ये." आणि किल्ली आत्ताच दिली.

१२ एप्रिल, शनिवार. चैत्र पौर्णिमा. आठवड्याला एकशे ऐंशी डॉलर, दोन आठवड्यांचे आगाऊ. सॅक टेकवली तोच आईचा व्हिडिओ कॉल. मागं नुसता गलबला, हलगी, पोतराज. आई महाकालीच्या यात्रेत होती. मला दाखवत होती, हे बघ नांदेडचे लोक, झरपटच्या काठी चुली मांडून बसले आहेत, हे परभणीचे. मग म्हणाली, "आता जागा बरी हाय ना?" मी म्हटलं, आधीची पण बरीच होती. ती म्हणाली, "सतरा दिवसांत एकदाही तू जेवणात काय होतं ते सांगितलं नाही. मले का कळत नाही?" मी फोन लिंबाच्या झाडाकडे फिरवला आणि तोंड धुऊन आले.

भांडी घासायची नोकरी सोमवारी लागली. टॅक्सचा नंबर त्याच पत्त्यावर आला. पुढच्या आठवड्यात ईस्टर होता, आजीनं लाल अंडी रंगवली, मी तिला जवसाची चटणी दिली, तिनं ती दह्यात घालून खाल्ली. बाकी वर्ष हे असंच, ते पुन्हा कधी सांगेन.

आता ते वाक्य. "आम्हाला फॅमिलीच हवी आहे."

परत आल्यावर स्मरणिकेसाठी जुनी इतिवृत्तं टाईप करायचं काम सचिव काकांनी मला दिलं. पंचवीस वर्षांची इतिवृत्तं, आणि खरं सांगते, फार छान आहेत. पाण्याच्या टँकरवरचं भांडण, बोअरवेल, लिफ्टची वर्गणी, कोरोनातल्या डब्यांची यादी. त्यात २०१६ च्या सर्वसाधारण सभेचा एक ठराव आहे. संस्थेतील सदनिका अविवाहित किंवा एकट्या व्यक्तीस भाड्याने देऊ नये. सर्वानुमते मंजूर. अनुमोदकाचं नाव वाचून मी टायपिंग थांबवलं. ते माझे बाबा आहेत.

कारण काय होतं तेही लिहून ठेवलेलं आहे, ते लपवत नाही. तिसऱ्या मजल्यावर चार पोरं भाड्यानं होती, एकतीस डिसेंबरला रात्रभर धिंगाणा, जिन्यात बाटल्या, टाकीचं झाकण फोडलं, दोन दिवस कोणाला पाणी नाही. संताप साहजिक होता. मी असते तर मीही हात वर केला असता.

पण मला २०२३ चा पावसाळा आठवला. मी स्कूटी काढत होते. गेटवर एक मुलगी, हातात छत्री आणि फाईल. एटापल्लीकडची. इथल्या एका दवाखान्यात नर्स म्हणून नवीन लागली होती, बी-विंगमधला रिकामा फ्लॅट पाहायला आली होती. वॉचमननं तिला नियम सांगितला. तिनं मला विचारलं, "ताई, मग दुसरीकडं कुठं मिळेल का?" मी म्हटलं, "इथं फॅमिलीलाच देतात. तुकूमकडं बघा ना." आणि गेले. मला उशीर होत होता. तिची पाठीवर सॅक नव्हती, पण एटापल्लीहून चंद्रपूर काही कमी लांब नाही. तिचे पहिले सतरा दिवस कुठं गेले, मला माहीत नाही.

मी जरा उपविधी पण वाचले. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाला आपली सदनिका भाड्यानं द्यायला संस्थेची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी लेखी कळवायचं, कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जोडायची. धिंगाणा घालणाऱ्यावर कारवाई करता येते, मग तो एकटा असो की पाच जणांची फॅमिली. पाच जणांच्या फॅमिलीचा धिंगाणा कुठल्या मजल्यावर असतो ते आपण सगळे जाणतो, नाव घेत नाही.

बाबांना मी हे इतिवृत्त मागच्या आठवड्यात दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, काही बोलले नाहीत, नेहमीप्रमाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना विचारलं, "सप्टेंबरच्या सभेत विषय द्यायचा असला तर अर्ज कधीपर्यंत द्यावा लागतो?"

अर्ज मी लिहून ठेवला आहे. सूचक म्हणून माझं नाव चालत नाही, मी सभासद नाही. सूचक बाबा आहेत, त्यांनी काल सही केली. अनुमोदकाची ओळ मोकळी आहे, कागद वर्गणीच्या टेबलावर ठेवते. जेवणं सुरू झाली आहेत, आधी लहान मुलांची पंगत बसू द्या.